जुनी एमटीबी सायकल: ठेवायची, विकायची की तिचे रूप पालटायचे?

सोलापुरातल्या कितीतरी घरांच्या जिन्याखाली नाहीतर गच्चीवर जाड टायरची, गिअरची एक सायकल उभी असते. मुलगा आठवी-नववीत असताना ती हौसेने घेतलेली असते आणि तो शिक्षणासाठी पुण्याला गेल्यावर दोन्ही चाके बसलेल्या, चेन तांबूस झालेल्या अवस्थेत तशीच राहून जाते. कोणी तिला एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, म्हणते, कोणी नुसते ‘रेंजर’ म्हणते. दिवाळीच्या साफसफाईत तिचा विषय निघतो आणि निर्णय बहुधा घाईत होतो. एक तर ती किलोच्या भावाने भंगारात जाते, नाहीतर दुकानात नेऊन ‘सगळे करून टाका’ असे सांगितले जाते आणि हाती येणारे बिल सायकलच्या किमतीपुढे जाते. चांगली फ्रेम वाया जाणे हे जितके नुकसानीचे, तितकेच वाईट फ्रेमवर पैसे घालणेही नुकसानीचे आहे.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. ज्या सायकलची फ्रेम धड आहे आणि माप चालवणाऱ्याला बसते, ती ठेवावी आणि शहरात रोज वापरता येईल अशी करून घ्यावी. मात्र त्यासाठीचे बदल पान्याने आणि ॲलन कीने होणारे असावेत, वेल्डिंग किंवा कापाकापी करून होणारे नसावेत. माप बसत नसेल तर सायकल कितीही चांगली असली तरी विकावी. फ्रेमला तडा असेल तर ती चालवूही नये आणि विकूही नये. कोणत्या क्रमाने काय तपासले म्हणजे यांपैकी एका उत्तराशी पोहोचता येते, ते पुढे दिले आहे. बहुतेक तपासणी घरीच होते आणि तिला इंचांच्या खुणा असलेली फूटपट्टी, जाड दोरा, लोहचुंबक, टॉर्च आणि जुने फडके एवढेच लागते.

पहिली पायरी: सायकल जाणार कुठे?

दुकानदाराला भाव विचारण्याआधी किंवा मोबाइलवर किमती पाहण्याआधी ही सायकल रोज कोणत्या रस्त्यावर, कोण, किती अंतर चालवणार हे कागदावर लिहून काढावे. जुळे सोलापुरातून नवी पेठेत किंवा सात रस्त्याला जाणे, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत पहाटेच्या पाळीला जाणे, सकाळी हिप्परग्याच्या तलावापर्यंत फेरी मारणे आणि गावाकडच्या शेतात जाणे ही चार वेगवेगळी कामे आहेत. शहरात चढ फारसा नाही, त्यामुळे डोंगर चढण्यासाठी दिलेले सगळ्यांत हलके गिअर येथे जवळपास न वापरताच राहतात आणि खाचांचे जाड टायर डांबरी रस्त्यावर उगाच ताकद खातात. उलट खोदलेले रस्ते, चौकाचौकांतले गतिरोधक आणि मुरमाच्या कडा पाहिल्या, तर अगदी बारीक टायरची रेसिंग सायकलही येथे सोयीची नाही. जुन्या एमटीबीचे खरे मोल या मधल्या जागेत आहे. तिची फ्रेम दणकट असते, तीत रुंद टायर बसतो आणि ब्रेक भक्कम असतात.

शेतरस्त्यासाठी मात्र वेगळा विचार करावा लागतो. आपल्याकडची काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, थरावर थर चढतात आणि चिमटा (चाक धरणारे दोन पाय) व टायर यांच्यामधली फट भरून चाक फिरेनासे होते. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ही अडचण लवकर येते, डिस्क ब्रेक असतील तर थोडी उशिरा येते. अशा रस्त्यासाठी मूळचे खाचांचे टायर ठेवावेत आणि मडगार्ड बसवूच नयेत.

कागदावर काहीच लिहिता आले नाही, म्हणजे कोणीच चालवणार नसेल, तर पुढची तपासणी फक्त विक्रीची किंमत ठरवण्यापुरती करावी.

दुसरी पायरी: माप

सायकलच्या वरच्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून, चप्पल नव्हे तर बूट घालून, जमिनीवर सपाट उभे राहावे. शरीर आणि दांडी यांच्यामध्ये निदान दोन इंच जागा हवी. मग भिंतीला धरून सीटवर बसावे, पायडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला तर सीटची उंची बरोबर आहे, कारण चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर येतो आणि गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. एवढी उंची मिळवण्यासाठी सीटची नळी तिच्यावरच्या शेवटच्या खुणेच्याही वर काढावी लागत असेल, तर ती फ्रेम त्या माणसासाठी लहान आहे. जास्त लांबीची नळी टाकून वेळ मारून नेता येते, पण हात आखूड पडतात आणि पाठ दुखू लागते. आठवीतल्या मुलासाठी घेतलेली सायकल उंच वडिलांना बसत नाही, हे अनेकदा नवीन टायर टाकून झाल्यावर लक्षात येते. म्हणून ही पायरी पैसे खर्च करण्याच्या आधीची आहे.

तिसरी पायरी: फ्रेम

सगळा निर्णय येथे ठरतो, म्हणून येथे घाई करू नये. सायकल धुऊन, पूर्ण कोरडी करून उजेडात घ्यावी. प्रथम लोहचुंबक लावून पाहावे. तो चिकटला तर फ्रेम पोलादी आहे, न चिकटल्यास बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. पोलादी फ्रेमचा किरकोळ तुटलेला भाग चांगला कारागीर जोडू शकतो, परंतु ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्डिंग केल्यावर जोडाच्या आसपास मऊ पडते आणि तिला पुन्हा भट्टीत ठरावीक तापमान द्यावे लागते. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये हे होत नाही. तडा गेलेली ॲल्युमिनियमची फ्रेम म्हणजे विषय संपला.

तडे ठरावीक जागी जातात. हँडलची नळी आणि खालची तिरपी दांडी जिथे मिळतात त्या जोडाची खालची बाजू, क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, आसाला धरणाऱ्या कवचाभोवतीचे जोड, सीटची नळी जिथे आत जाते तिथली वरची कड, आणि मागचे चाक जिथे आवळले जाते त्या पट्ट्या टॉर्च तिरपी धरून पाहाव्यात. रंगावरचा नुसता ओरखडा आणि तडा यांतला फरक नखाने कळतो. तड्यात नख अडकते आणि त्याच्या कडेने गंजाची किंवा काळपट धुळीची बारीक रेघ दिसते. खालच्या दांडीवर, हँडलच्या नळीच्या थोडे मागे, रंगाला सुरकुत्या पडल्या असतील किंवा बोटाला फुगवटा लागत असेल, तर ती सायकल समोरून कुठेतरी जोरात धडकलेली आहे.

यानंतर दोऱ्याची कसोटी घ्यावी. मागच्या चाकाच्या उजव्या पट्टीला दोरा बांधावा, तो पुढे नेऊन हँडलच्या नळीभोवती फिरवावा आणि मागे आणून डाव्या पट्टीला त्याच जागी ताणून बांधावा. आता सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर फूटपट्टीने मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आली तर फ्रेम सरळ आहे. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक रोजच्या वापरात जाणवत नाही. त्याहून बराच जास्त फरक असेल तर सायकल हात सोडल्यावर एका बाजूला ओढते आणि चेन गिअरवर नीट बसत नाही.

शेवटी सीटची नळी आणि हँडलचा खांब जागचे हलतात का ते पाहावे. वर्षानुवर्षे ग्रीस न लावलेली सीटची नळी फ्रेममध्ये जाम होते, विशेषतः एक धातू पोलाद आणि दुसरा ॲल्युमिनियम असेल तर. वंगण सोडून, रात्रभर थांबून ती सुटली तर उत्तम. सुटली नाही आणि उंची बदलायची गरज असेल, तर ती सायकल विक्रीच्या रांगेत लावावी. फ्रेमवर क्रोमोली किंवा ४१३० असे लिहिलेले आढळले, तर मात्र ती साधी लोखंडी समजून टाकून देऊ नये. हे क्रोम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद हलके आणि चिवट असते, त्यामुळे अशी सरळ फ्रेम थोडा जास्त खर्च करूनही ठेवण्यासारखी असते.

चौथी पायरी: फिरणारे भाग आणि बिल

टायर पाहताना खाचा नव्हे, बाजूच्या भिंती पाहाव्यात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि गच्चीवर उभ्या राहिलेल्या सायकलचे रबर न चालवताही तडकते. भिंतीवर जाळीसारख्या भेगा असतील तर नक्षी नवी दिसत असूनही टायर बदलावा लागतो.

चेनसाठी फूटपट्टी लागते. चेन ताणून एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवावा. नवीन चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर फक्त चेन बदलावी, १/८ इंच पुढे गेला असेल तर चेनबरोबर मागचे फ्रीव्हीलही (मागच्या चाकावरचे दातेरी चक्र) बदलावे लागते, कारण ताणलेल्या चेनने त्याचे दात झिजवलेले असतात आणि नवीन चेन त्यांवर उड्या मारते.

मागचे चाक उचलून फिरवावे. रिम डावी-उजवीकडे डोलत असेल तर तो डोल (मेकॅनिकच्या भाषेत ‘आउट’) स्पोक आवळून काढता येतो. पण चाकाचा आसच वाकलेला असेल, म्हणजे चाक काढून आस हाताने फिरवल्यावर त्याची टोके डोलत असतील, तर आस बदलावा लागतो. आट्यांवर बसणाऱ्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचा आस बराचसा आधाराविना राहतो, म्हणून हा दोष जुन्या गिअरच्या सायकलीत वारंवार दिसतो. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रिमच्या बाजूवर पट्टी आडवी धरावी. मध्ये खळगा दिसला तर धातू झिजून पातळ झाला आहे आणि रिम बदलणे भाग आहे. क्रँक हाताने आत-बाहेर हलवून पाहावे. खडखडाट आला तर छर्रे, कप किंवा बेअरिंगचे काम आहे, आणि ते स्वस्तातले काम आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकलावी. हँडलच्या नळीत ठोका जाणवला तर ते आवळण्याचे काम आहे, पण शॉकअपच्या पायांत ठोका जाणवला तर आतले बुश गेलेले आहेत आणि स्वस्त शॉकअपचे बुश बहुधा मिळत नाहीत.

सुट्या भागांची चिंता मात्र फार करू नये. ॲटलस कंपनीच्या साहिबाबाद येथील कारखान्यातले उत्पादन जून २०२० मध्ये थांबले, तरी त्यांच्या सायकली रस्त्यावर आहेत, कारण चेन, फ्रीव्हील, ब्रेक आणि बेअरिंग ही बहुतेक कंपन्यांत सारख्याच मापाची असतात. सहा, सात आणि आठ गिअरांना एकाच रुंदीची चेन चालते. अडचण होते ती टायरच्या मापात. जुन्या एमटीबीवर ‘२६ × १.९५’ असे लिहिलेले असते आणि शेजारी बारीक अक्षरात ५०-५५९. साध्या लेडीज सायकलवर ‘२६ × १ ३/८’ आणि ३७-५९० असे असते. दोन्हींना ‘सव्वीसचा टायर’ म्हणत असले तरी रिमचा व्यास एकाचा ५५९ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५९० मिलिमीटर आहे, त्यामुळे एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. खरेदीला जाताना हा बारीक आकडाच लिहून न्यावा.

दोषांची यादी झाली की दोन दुकानांतून भागांचा आणि मजुरीचा वेगवेगळा अंदाज घ्यावा. माझा ठोकताळा असा आहे: दुरुस्तीचे बिल, त्याच दर्जाची चालू स्थितीतली जुनी सायकल ज्या किमतीला मिळते त्याच्या निम्म्याच्या आत असेल तर सायकल ठेवावी, निम्मे ते पूर्ण यांच्यामध्ये असेल तर फ्रेम खरोखर चांगली आणि माप अगदी बरोबर असेल तरच ठेवावी, त्यापुढे गेल्यास ठेवू नये. एक अपवाद मला मान्य आहे. घरातल्या कोणाची आठवण म्हणून सायकल दुरुस्त करायची असेल तर हिशेब बाजूला ठेवण्यात काहीच गैर नाही, फक्त तसे आधी स्वतःशी स्पष्ट केलेले असावे.

रूप पालटायचे असेल तर

मूळ रूपातच ठेवायची असेल तर ओव्हरहॉलिंग करून, केबल, ब्रेक रबर आणि ग्रीस बदलून ती चालू करावी. त्यात वेगळे सांगण्यासारखे काही नाही. बदलाचे मात्र चार-पाच प्रकार लोकांच्या मनात असतात आणि त्यांत शहाणपणाचे थोडेच आहेत.

सगळ्यांत जास्त गुण देणारा आणि सगळ्यांत सोपा बदल टायरचा आहे. त्याच रिमवर २६ × १.५० किंवा १.७५ मापाचा, मध्यभागी गुळगुळीत असलेला टायर बसवावा. सायकल एकदम मोकळी धावू लागते, हे पहिल्याच फेरीत जाणवते. दीड इंची टायरमध्ये साधारण ५० ते ६५ पीएसआय हवा ठेवावी, टायरच्या भिंतीवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नये आणि पेट्रोल पंपावरच्या पाइपने भरताना थोडी थोडी भरावी, कारण एवढीशी ट्यूब क्षणात फुगते. आपल्याकडे दुसरा प्रश्न काट्यांचा आहे. वेडी बाभूळ रस्त्याच्या कडेला सगळीकडे आहे आणि नान्नजच्या माळरानाकडे किंवा हिप्परग्याकडे कडेच्या मातीतून सायकल घातली की गोखरूची कणखर, शिंगांची फळे टायरमध्ये रुततात. जाड खाचांमुळे काही काटे अडतात, गुळगुळीत टायरला ते संरक्षण नसते. म्हणून टायर बदलताना आत काटेरोधक पट्टी घालून घ्यावी. ती मिळाली नाही तर जुनी ट्यूब उभी चिरून, वॉल्व्हचा भाग कापून, टायर आणि नवीन ट्यूब यांच्यामध्ये अस्तर म्हणून घालतात, तीही चालते. वजन थोडे वाढते, पण रोजच्या कामाच्या सायकलीला ते परवडते.

दुसरा बदल हँडलचा. एमटीबीच्या हँडलची मूठ धरण्याची जाडी २२.२ मिलिमीटर असते आणि मागे वळलेल्या साध्या हँडलचीही बहुधा तेवढीच असते, त्यामुळे जुने ब्रेक लिव्हर आणि गिअरचे खटके त्याच्यावर जसेच्या तसे चढतात. फक्त मध्यभागाची जाडी आपल्या खांबाच्या पकडीला जुळते ना, २५.४ की ३१.८ मिलिमीटर, एवढे पाहावे. याउलट रेसिंगच्या वाकड्या हँडलची मूठ २३.८ मिलिमीटरची असते. त्यावर एमटीबीचे लिव्हर चढत नाहीत, म्हणून नवीन लिव्हर घ्यावे लागतात, आणि ते लिव्हर केबल कमी ओढतात म्हणून रिमवर दाबणारे जुने व्ही ब्रेक नीट लागत नाहीत, म्हणजे ब्रेकही बदलावे लागतात, मग गिअरचे खटकेही. एका हँडलपायी अर्धी सायकल नवी होते, आणि फ्रेमची लांबी सरळ हँडलसाठी ठरवलेली असल्याने इतके करूनही हात फार पुढे जातात. या बदलाची मी शिफारस करत नाही.

चाकांबाबतही असेच. २६ इंची रिम काढून रेसिंग सायकलची ७०० सी मापाची चाके घालावीत असे अनेकांना वाटते. ७०० सीच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर आहे, म्हणजे ब्रेकची जागा जवळपास ३२ मिलिमीटर वर सरकते आणि व्ही ब्रेकचे रबर तिथपर्यंत पोहोचतच नाही. डिस्क ब्रेक असतील तर तो प्रश्न सुटतो, पण चाक फ्रेमला घासते का हे आधी उसने चाक लावून पाहावे लागते. २६ इंची चाके आता ‘जुनी’ मानली जातात हे खरे आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन भागात जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारावर पळवणाऱ्या तरुणांनी हे माप रूढ केले, आणि पुढे २९ व २७.५ इंची मापांनी बाजार घेतला. पण म्हणून जुने चाक धावायचे थांबत नाही. त्यामुळे पुनर्विक्रीची किंमत तेवढी घसरते, आणि ती तर सायकल ठेवण्याच्या बाजूची गोष्ट आहे.

शॉकअप काढून साधा चिमटा बसवणे हा उपयोगी बदल आहे. स्वस्त स्प्रिंगचा शॉकअप जड असतो, पायडल मारताना वरखाली होऊन ताकद खातो आणि गंजल्यावर तसाही लवचीक राहत नाही. परंतु नवीन चिमटा घेताना आसाच्या मध्यापासून मुकुटाच्या (जिथे चिमट्याचे दोन्ही पाय मिळतात त्या भागाच्या) बैठकीपर्यंतची लांबी जुन्या शॉकअपइतकी, फार तर एक-दोन सेंटिमीटर कमी हवी. सोलापुरात एका मेकॅनिकने समोर उभ्या असलेल्या ग्राहकाला आखूड चिमटा हातात धरून सांगितलेले वाक्य मला अचूक वाटते: “बसतंय की मालक, पण हँडल लई पळतंय मग.” पुढची बाजू दोन सेंटिमीटर खाली आली की हँडलच्या नळीचा कोन सुमारे एक अंशाने उभा होतो, सायकल चंचल होते आणि वळताना पायडल जमिनीच्या जवळ येते. लांबीबरोबरच नळीची जाडी, आट्यांचा खांब की बिनआट्यांचा, आणि आपल्या प्रकारचा ब्रेक बसण्याची सोय, या तिन्ही गोष्टी जुना शॉकअप सोबत नेऊनच जुळवाव्यात.

गिअर काढून टाकून एकेरी गिअर करणे सोलापूरच्या सपाटीला मानवते. पुढे ४२ दातांचे चक्र आणि मागे १८ दातांचे फ्रीव्हील ठेवले, तर मिनिटाला पायडलच्या साठ फेऱ्या मारत ताशी सुमारे १७ किलोमीटर वेग मिळतो आणि उड्डाणपुलाचा चढही निघतो. मागच्या पट्ट्यांच्या खाचा आडव्या असतील तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाचा उभ्या असतील तर चेन ताणणारी वेगळी चकती लागते. गिअरचा संच चालू स्थितीत असेल तर मात्र तो मोडीत काढू नये. पुढच्या तीन चक्रांतले मधले एकच वापरून मागचे गिअर ठेवले तरी काम भागते.

यासोबत मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि मागचा लाल दिवा लावला की रोजची सायकल तयार होते. माझ्या परिचयातल्या एका शिक्षिकेने मुलाची सायकल अशीच करून घेतली. तिने दीड इंची टायर, मागे वळलेले हँडल आणि कॅरिअरला अडकवलेली पिशवी एवढेच बदलले. शॉकअप धड होता म्हणून तो राहू दिला. शाळेपर्यंतचा रस्ता ती आता तिच्यावरूनच करते. कॅरिअर घेताना फ्रेमला मागच्या बाजूला आट्यांची भोके आहेत का ते पाहावे. नसतील तर नळीला आवळणारा कॅरिअर घ्यावा, भोक पाडून घेऊ नये. मागे-पुढे दोन्ही शॉकअप असलेल्या स्वस्त सायकलीला कॅरिअर नीट बसत नाही, तिचे सांधे ढिले होतात आणि वजनही फार असते. असे मॉडेल बदलण्याच्या फंदात न पडता विकावे किंवा द्यावे.

मोटर बसवावी का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर अशी सायकल नोंदणी व परवान्याच्या कक्षेबाहेर राहते. त्यापुढची ताकद देणारे संच बाजारात दिसतात. ते बसवले की ती सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरते, आणि जुन्या सायकलचे ब्रेक त्या वेगासाठी केलेले नसतात हे त्याहून महत्त्वाचे. ३६ व्होल्ट, १० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास ऊर्जा असते. सोबत पायडल मारत राहिल्यास किलोमीटरला दहा-बारा वॉट-तास लागतात असे धरून तीस-पस्तीस किलोमीटर जाता येते. शहरातले जाणे-येणे आरामात होते. अक्कलकोटला किंवा तुळजापूरला मात्र एका बाजूनेही पोहोचण्याची खात्री नाही, कारण अंतर जास्त आहे आणि तुळजापूरला शेवटी बालाघाटाचा चढही लागतो.

मोटर मागच्या चाकात, पोलादी पट्ट्यांत आणि आस फिरू न देणारा आधार लावूनच बसवावी. स्वस्त शॉकअपच्या पुढच्या पायांत ती बसवणे धोक्याचे आहे, कारण आसाच्या जोराने ती टोके तुटू शकतात आणि चाक निसटते. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर तापलेल्या स्थितीत चार्ज करू नये, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये नव्हे, तर रात्री घरात, नजरेसमोर चार्ज करावी. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना रोज दूरच्या पाळीला जायचे आहे त्यांच्यासाठी हा खर्च योग्य आहे. पडून असलेली सायकल केवळ मोटर लावल्याने वापरात येईल या आशेने तो करू नये.

विकायची किंवा द्यायची असेल तर

विक्रीसाठी नवीन भाग घालू नयेत, त्यांची किंमत परत मिळत नाही. धुणे, हवा भरणे, चेनला तेल देणे आणि ब्रेक लागतील असे करणे पुरेसे आहे. बंद सायकलपेक्षा चालून दाखवता येणारी सायकल लवकर जाते. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस गिऱ्हाईक मिळणे सोपे असते. जाहिरातीत चाकाचे माप, फ्रेमचे माप, फ्रेमचा धातू आणि दोष स्पष्ट लिहावेत, आणि चेनच्या बाजूने पूर्ण सायकलचा फोटो द्यावा. इतरांनी मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे, हे ध्यानात ठेवून आकडा ठरवावा.

ऑनलाइन व्यवहारात समोरचा माणूस ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणाला तर तिथेच थांबावे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. सायकलला वाहनासारखे नोंदणीपुस्तक नसते, म्हणून क्रँकच्या कवचाखाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला फ्रेम नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या असलेली साधी पावती करावी व मूळ बिल असेल तर ते सोबत द्यावे. उद्या सायकल चोरीला गेली तर घेणाऱ्याला त्या कागदाचा उपयोग होतो, आणि आपल्यावरही बालंट येत नाही.

किंमत फारच कमी येत असेल तर गावाकडून शाळेत चालत येणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला ती द्यावी. मात्र देताना ब्रेक, टायर आणि चेन आपल्या खर्चाने नीट करून, मुलाच्या उंचीला सीट लावून द्यावी. बिघडलेली सायकल दान केली तर दुरुस्तीचे बिल अशा घरावर पडते जिथे त्यासाठी पैसे नसतात.

भंगार हा शेवटचा पर्याय, आणि तो फक्त तडा गेलेल्या किंवा वाकलेल्या फ्रेमसाठी आहे. त्याआधी चालू ब्रेक लिव्हर, सीट, सीटची नळी, पायडल, सरळ चाके आणि गिअरचे खटके काढून ठेवावेत. घरातल्या दुसऱ्या सायकलीला ते लागतात, नाहीतर दुकानदार घेतो. मग फ्रेमचा तडा गेलेला भाग हॅक्सॉने आरपार कापूनच ती भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवावी, म्हणजे ती रंग मारून पुन्हा कोणा मुलाच्या हाती जाणार नाही.